कालवा येतोय, काठही येऊ द्या

बुलढाण्याच्या आसपास डोंगरमाथ्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांना जातो. घाटावर पडलेलं पाणी पैनगंगेला मिळतं. ती मेहकरावरून पूर्वेकडे निघते, वर्धेला भेटते आणि पुढे प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला लागते. राजूर घाटातून खाली उतरलेलं पाणी नळगंगेत जातं, तिथून पूर्णेत, आणि तापीच्या वाटेने थेट अरबी समुद्रात. पावसाच्या दोन थेंबांमध्ये एखाद्या बांधाइतकंच अंतर असेल, पण त्यांची पुन्हा भेट नाही. जिल्ह्यातली माणसंही स्वतःची ओळख याच रेषेवरून सांगतात. कुणी घाटावरचा, कुणी घाटाखालचा.

फ्रान्सच्या दक्षिणेला नोरूझ नावाची अशीच एक जागा आहे. तिथलंही पाणी एका अंगाने अटलांटिकला जातं आणि दुसऱ्या अंगाने भूमध्य समुद्राला. साडेतीनशे वर्षांपूर्वी पिअर-पॉल रिके या माणसाने ती जागा हेरली. हा मिठावरचा कर गोळा करणारा सरकारी कंत्राटदार. अभियांत्रिकीचं शिक्षण त्याच्याकडे नव्हतं. पण डोंगरातले ओढे अडवून त्यांचं पाणी त्या सर्वांत उंच जागेवर नेऊन सोडलं, तर ते दोन्ही बाजूंना उतरेल आणि त्यावरून होड्या चालतील, हे त्याने ओळखलं. १६६६ मध्ये चौदाव्या लुईची परवानगी मिळाली. सां-फेरेओलचं मोठं मातीचं धरण बांधून झालं. काम ऐन भरात असताना दहा-बारा हजार माणसं खोदकामावर होती, त्यात बायाही मोठ्या संख्येने होत्या. १६८१ मध्ये तुलूझपासून समुद्रापर्यंतचा २४० किलोमीटरचा कालवा खुला झाला. रिके त्याआधी काही महिने वारला होता.

या कालव्याचं नाव कनाल द्यु मिदी. १९९६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आज त्यावरून धान्याचे पडाव जात नाहीत, सुट्टीवर आलेली कुटुंबं जातात. होडी भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही. तासाभरात शिकवतात आणि किल्ली हातात देतात. वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर. काठावरून सायकलने चाललेलं शाळकरी पोर सहज पुढे निघून जातं.

हे सगळं बुलढाण्याच्या वाचकाला सांगण्याचं कारण नळगंगा आहे. वैनगंगेचं पाणी भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणातून उचलून थेट नळगंगेपर्यंत आणायच्या नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. जोडकालव्याची लांबी सव्वाचारशे किलोमीटरच्या वर. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा हे सहा जिल्हे, सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर सिंचन, मंजुरीच्या वेळचा अंदाजित खर्च सुमारे ८७ हजार कोटी रुपये. म्हणजे कनाल द्यु मिदीच्या जवळपास पावणेदोन पट लांबीचं काम. त्याचं शेवटचं टोक मोताळा तालुक्यात.

यात एक योगायोग आहे. बुलढाण्यात उगम पावणारी पैनगंगा वर्धेतून जाऊन शेवटी याच वैनगंगेला भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. आता वैनगंगाच उलट दिशेने बुलढाण्याकडे निघाली आहे. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तरी पाणी खारट लागतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागातल्या माणसाला गोड्या पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे पाणी आधी शेताचं आणि पिण्याचं, यात कुणाचं दुमत नसावं. पण एवढी जमीन घेऊन एवढा लांब कालवा होणारच आहे, तर त्याच्या काठाचा विचार आराखडा कागदावर असतानाच झाला पाहिजे. पुढच्या शंभर वर्षांसाठी सव्वाचारशे किलोमीटरची एक सावलीची, चालायची वाट विदर्भाला मिळू शकते. कालवा बांधून झाल्यावर ती मागायला गेलं तर जागाही उरणार नाही आणि पैसाही.

फ्रान्समध्ये काठाने नेमकं काय साधलं, ते पाहायला एका लॉकपाशी थांबावं लागतं. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. समोर उंच दरवाजा, मागे दुसरा, मध्ये होडी मावेल एवढा दगडी हौद. रिकेने पहिल्यांदा सरळ भिंतींचा हौद बांधून पाहिला, भिंत कोसळली. मग त्याने भिंतींना दोन्हीकडून पोट दिलं, म्हणून मिदीवरचे जुने लॉक वरून पाहिले तर अंड्याच्या आकाराचे दिसतात. होडी आत येते. काठावर उभा असलेला माणूस खुंट्याला दोराचा एक वेढा देतो, पण गाठ मारत नाही. गाठ मारली तर पाणी उतरताना होडी दोराला लोंबकळेल. मागचा दरवाजा बंद होतो, खालची झडप उघडते आणि होडी हळूहळू भिंतीत उतरू लागते. आधी कोरडा दगड, मग ओला दगड, मग शेवाळ. दोर हातातून इंचाइंचाने सोडत राहायचा. दहा-पंधरा मिनिटांत होडी पुरुषभर किंवा त्याहून खाली आलेली असते आणि पुढचा दरवाजा उघडतो. लॉकच्या घराच्या भिंतीवर एक पाटी असते: मागचा लॉक इतक्या मीटरवर, पुढचा इतक्या मीटरवर.

घाई असलेल्या माणसाने इथे येऊ नये. बर्गंडीचा कालवा २४२ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर १८९ लॉक आहेत. दिवसभर होडी हाकली तरी वीस-पंचवीस किलोमीटर पदरात पडतात. अनेक कालव्यांवर दुपारी लॉकवरचा कर्मचारी जेवायला जातो आणि तासभर सगळं थांबतं. तेवढ्यात प्रवासी काठावर उतरतात, लॉकच्या घरासमोर विकायला ठेवलेली अंडी, मध, भाजी घेतात, गावात जाऊन पाव आणतात. छोट्या गावात पैसा येतो तो असा, थांबलेल्या माणसाच्या खिशातून.

शरद ऋतूत तर तिथली हवा वेगळीच. द्राक्षांची तोडणी होऊन गेलेली, वेलांची पानं पिवळी-तांबडी, सकाळी पाण्यावर धुकं. उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली असते. ऑक्टोबर सरता सरता भाड्याच्या होड्यांचा हंगाम संपतो आणि हिवाळ्यात ठिकठिकाणचे लॉक दुरुस्तीसाठी बंद होतात, काही भाग चक्क कोरडे करतात. आर. एल. स्टीव्हन्सन या लेखकाने १८७६ च्या शरदात एका मित्राबरोबर छोट्या वल्ह्याच्या होड्यांतून बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या कालव्यांवरून, नद्यांवरून प्रवास केला. त्याचं पहिलं पुस्तक त्यातून निघालं. त्याच्याही आधी, १७८७ च्या मे महिन्यात, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन मिदीवरून गेला. त्याने आपल्या घोडागाडीची चाकं काढून ती होडीवर चढवली. गाडीत बसून चहूबाजूंच्या काचांतून बाहेर पाहायचं आणि कंटाळा आला की उतरून काठाने चालू लागायचं. चालणारा माणूस आणि होडी बरोबरीनेच जात होते.

तो काठ मुळात घोड्यांसाठी होता. होडी दोराने ओढत घोडे चालायचे, म्हणून पाण्याला लागून सलग वाट ठेवावी लागली. पुढे रेल्वे आली आणि मालाची वाहतूक कालव्यांवरून हटत गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिदीवरचा मालवाहू व्यवहार जवळपास संपला. कालवे बुजवायची वेळ आली होती. पण पाणी होतं, वाट होती, झाडं होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस भाड्याच्या होड्या सुरू झाल्या आणि मेलेला कालवा पर्यटनावर जगला. या इतिहासातून बुलढाण्याने घ्यायचं ते इथे आहे: होडीपेक्षा काठ टिकला, आणि काठामुळे कालवा टिकला.

आता इथल्या संथ प्रवासाकडे पाहू. तो या जिल्ह्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही. दर वर्षी शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते. सातशेच्या आसपास वारकरी, सुमारे साडेसातशे किलोमीटर, महिन्याभराहून थोडे अधिक दिवस. भागाकार केला तर दिवसाला वीस-बावीस किलोमीटर. बर्गंडीच्या कालव्यावरची होडीही दिवसाला जवळपास तेवढीच जाते. माणसाच्या अंगाला झेपणारा, डोळ्यांना काही दिसू देणारा प्रवास जगात कुठेही गेलं तरी याच मापाचा निघतो.

परतीच्या वाटेवर पालखी सिंदखेडराजापाशी विदर्भात शिरते. मग बिबी, लोणार, मेहकर, जानेफळ, शिर्ला, आवार, खामगाव आणि शेगाव. जिल्ह्याचा नकाशा काढायचा झाला तर याहून चांगली रेघ सापडणार नाही. जिजाऊंचं जन्मगाव, उल्केच्या आघाताने झालेलं सरोवर, पैनगंगेच्या काठचा शारंगधर बालाजी, कापसाची जुनी पेठ आणि संतांचं गाव एकाच वाटेवर येतात. शेवटच्या टप्प्यात खामगाव ते शेगाव पालखीबरोबर चालायला लोटणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला ठाऊक आहे की या भागातल्या माणसाला पायी चालण्याचा कंटाळा नाही. त्याला चालायला नीट वाट मिळत नाही, एवढंच. वर्षातले उरलेले दिवस त्याच रस्त्याने ट्रक आणि ट्रॅव्हल्स धावतात, आणि कडेला चालणारा माणूस जीव मुठीत घेऊन चालतो.

वेगाची साधनं जिल्ह्याला मिळाली, आणि ती हवीच होती. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा सुरू झाला, तो खामगावच्या बाजारातला कापूस मुख्य मार्गाला आणि तिथून मुंबई बंदराला लवकर पोहोचावा म्हणून. तो फाटा आजही आहे. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मुंबईला, नागपूरला दवाखान्यात पोहोचायचं असेल तर हा रस्ता देवासारखा. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात याच रस्त्यावर बसला आग लागून २५ जण गेले, हेही या जिल्ह्याने पाहिलं आहे. आणि पर्यटनाच्या दृष्टीने पाहिलं तर महामार्गावरून आलेला पाहुणा लोणारला उतरतो, कड्यावरून सरोवराचे चार फोटो काढतो, दैत्यसूदनाच्या देवळात डोकावतो, शेगावला दर्शन घेतो आणि रात्री परत. त्याच्या जेवणाचे पैसे बहुतेक वेळा महामार्गावरच्या ढाब्यावर जातात. जानेफळच्या बाजारातून त्याने कधी पाव किलो शेंगदाणेही घेतलेले नसतात.

लोणार नोव्हेंबर २०२० पासून रामसर यादीत आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. गोमुखाची धार, काठावरची पडकी देवळं, खारं पाणी, झाडी हे सगळं पाहायला सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही लागतात. तिथे होडी नको, हेही लगे हात सांगितलं पाहिजे. ते अभयारण्य आहे, आणि काही पाण्यांवर माणसाने न जाणंच बरं.

मग होडी कुठे? इथे फ्रान्स आणि विदर्भ यांतला फरक सरळ मान्य करायला हवा. तिथला कालवा वाहतुकीसाठी खोदला. प्रत्येक दोन लॉकच्या मध्ये पाणी सपाट आणि बारमाही असतं. इथला कालवा सिंचनाचा. त्याला उतार असतो, पाणी पाळीने सुटतं. आवर्तन आलं की पाटकरी मोटारसायकलवरून काठाने फिरतो, चारीची दारं उघडतो-बंद करतो, हेडवाला पाणी जास्त घेतो आणि टेलवाला ओरडतो. आवर्तन संपलं की तळाला चिखल आणि डबक्यात अडकलेले मासे. नव्या प्रकल्पात तर उपसा आहे, बोगदे आहेत. कालव्यात होडी घालायचा आग्रह कुणी धरू नये. वाहत्या कालव्याचं पाणी खोल आणि ओढीचं असतं, दर वर्षी त्यात जीव जातात.

पण होडीची कल्पना भारताला परकी मुळीच नाही. १८५४ मध्ये सुरू झालेला गंगेचा कालवा प्रोबी कॉटली याने सिंचनाबरोबर नौकानयनासाठीही बांधला, त्यावर लॉक होते. आर्थर कॉटनने धवळेश्वरमला गोदावरी अडवली आणि तिच्या त्रिभुजप्रदेशातल्या कालव्यांवरून पुढे अनेक दशकं भात, मीठ, माणसं होडीने जात राहिली. म्हणजे पैनगंगेचं पाणी गोदावरीतून ज्या समुद्राला जातं, त्याच्या अलीकडेच होड्यांचे कालवे होते. आपल्याकडे नीरा, गोदावरी, प्रवरा या जुन्या कालव्यांवर होड्या नव्हत्या, पण पाटबंधारे खात्याचे बंगले होते. साहेब घोड्यावरून तपासणीला निघायचा आणि मुक्कामाला बंगला यायचा. वडाच्या, चिंचेच्या सावलीतले ते बंगले म्हणजे मुक्काम-मुक्काम करत जायची सोयच होती, फक्त साहेबापुरती.

बुलढाण्यात होडीची जागा जलाशय आहे. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा ही पाणी साठवलेली ठिकाणं आश्विन-कार्तिकात भरलेली असतात. नळगंगेच्या भिंतीवर त्या दिवसांत सकाळी लवकर उभं राहावं. उजाडायच्या आत भोई पाण्यात उतरलेले असतात. थर्माकोलचा तराफा, त्यावर मांडी घालून बसलेला माणूस, हातात पळीएवढी लाकडी फळी. तो एका हाताने पाणी मागे सारतो आणि दुसऱ्या हाताने रात्री टाकलेलं जाळं उचलत जातो. जाळ्याचा एकेक वीतभर भाग मांडीवर येतो, मासा सुटतो, टोपल्यात पडतो, जाळं पुढे सरकतं. इंजिन नाही, त्यामुळे शंभर हातांवरच्या बदकांना तो बदकच वाटत असावा. ती हलत नाहीत. थंडी वाढली की चक्रवाक येतात. अशा पाण्यावर मोटरबोट आणि गाण्यांचे भोंगे आणले तर पहिल्याच आठवड्यात पक्षी उठून जातील, आणि मासेमारीवर पोट असणाऱ्यांचं जाळं पंख्यात अडकून फाटेल ते वेगळंच.

म्हणून होडी द्यायची तर वल्ह्याची द्यावी, आणि ती मच्छीमार सहकारी संस्थांच्याच हाती द्यावी. पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा, बुडालेल्या झाडांचे बुंधे कुठे आहेत हे त्यांना पाठ असतं. लाइफ जॅकेट, होडीची वार्षिक तपासणी आणि विमा या तीन गोष्टी मात्र सक्तीच्या. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा-बामणोली भागात स्थानिकांच्या बोटी वर्षानुवर्षं चालतात. पर्यटकांना फिरवतात आणि पलीकडच्या गावांची ने-आणही करतात. धरणाने ज्यांचा रस्ता तोडला त्यांनाच पाण्याने रोजगार दिला. नळगंगेवर हे लहान प्रमाणात करायला नदीजोडीची वाट पाहायचीही गरज नाही.

कालव्याच्या काठाचं काय, याला मात्र आताच उत्तर हवं. प्रत्येक मोठ्या कालव्याला खात्याचा तपासणी रस्ता असतोच. भराव्यावरून जीप जाईल एवढा. तो कागदावर खात्यापुरता असतो आणि प्रत्यक्षात चार वर्षांत बाभळींनी गिळलेला. मागणी एवढीच की एका बाजूचा तपासणी रस्ता सलग असावा, पक्क्या मुरुमाचा असावा, त्यावर पायी आणि सायकलने जायला लोकांना उघड परवानगी असावी आणि चारचाकींना अडसर असावा. जिथे बोगदा किंवा बंद नलिका येईल तिथे जवळच्या गावरस्त्याने पुढच्या उघड्या कालव्यापर्यंत वाट आखून द्यावी. पाण्याच्या कडेला ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि पकडायला साखळी असावी. ती जनावरांसाठी, धुणं धुणाऱ्या बायांसाठी आणि पाय घसरून पडलेल्याला वर येण्यासाठीही.

सावलीचा प्रश्न जरा नाजूक आहे. भराव्यावर झाड लावू नये असं अभियंते सांगतात आणि ते बरोबर आहे; मुळांच्या वाटेने पाणी झिरपायला लागलं की भराव फुटतो. तेव्हा झाडं भराव्याच्या पायथ्याच्या बाहेर, संपादित पट्ट्यात लावावीत, आणि त्यासाठी तो पट्टा आधीच तेवढा रुंद धरावा. कोणती झाडं, याचं उत्तर पुन्हा मिदीवरच मिळतं. त्या कालव्याच्या दुतर्फा सुमारे ४२ हजार प्लेन वृक्ष होते, जवळजवळ सगळे एकाच जातीचे. २००६ मध्ये तिथे एका बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली, असं मानलं जातं. होडीचा धक्का लागून साल सोलवटली, दोर बुंध्याला बांधला, पाण्यातून मुळांना स्पर्श झाला, एवढ्याने रोग पुढच्या झाडाला गेला. निम्म्याहून जास्त झाडं तोडून जाळावी लागली. आता तिथे वेगवेगळ्या जातींची मिश्र लागवड चालू आहे आणि सावली परत यायला एक पिढी जाईल. आपल्याकडे वृक्षलागवडीच्या नावाखाली एकाच रोपवाटिकेतून एकाच जातीची रोपं ट्रकने येतात. कडुनिंब, चिंच, जांभूळ, करंज, आंबा, उंबर, वड अशी मिसळ हवी. चिंचेचा आणि जांभळाचा लिलाव ग्रामपंचायतीकडे राहिला तर त्या झाडांवर कुऱ्हाड पडताना गाव गप्प बसणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो जमिनीचा, आणि तो सर्वांत खरा आहे. कालव्यासाठी ज्याची दोन एकर जाते, त्याला काठावरच्या सायकलस्वाराचं काय कौतुक? पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पात जिल्ह्याने विस्थापन आणि पुनर्वसनाची लांबलेली वाट पाहिली आहे. त्यामुळे मोबदला आणि पुनर्वसन आधी, बाकी सगळं नंतर. पण काठावर चहाची टपरी, मुक्कामाची खोली, सायकल दुरुस्ती यांचे हक्क द्यायची वेळ येईल तेव्हा ते जमीन गेलेल्या कुटुंबांनाच मिळतील, अशी अट आजच शासन निर्णयात घालता येते. नंतर लिलाव निघतो आणि बाहेरचा ठेकेदार येतो.

दुसरा आक्षेप: हे पाणी येणार कधी? गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, तेव्हा प्रकल्पाचा खर्च ३७२ कोटी होता. पुढे खर्च आणि मुदत कशी वाढत गेली ते विदर्भाला तोंडपाठ आहे. ज्याच्या डोळ्यांसमोर हे घडलं, त्याने नव्या घोषणेवर पटकन विश्वास ठेवू नये हे स्वाभाविक आहे. तरीही झाडाच्या बाजूने एक गोष्ट बोलते. कालव्याला वीस वर्षं लागणार असतील, तर संपादन झालेल्या पट्ट्यावर आज लावलेली चिंच पाणी येईपर्यंत सावली देऊ लागलेली असेल.

आणि शरद ऋतू इथेही आहे. फक्त त्याचा रंग पानांचा नसतो, पिकांचा असतो. सोयाबीनची सोंगणी होऊन शेतात सुड्या लागलेल्या असतात, मळणीयंत्राचा धुरळा संध्याकाळच्या उन्हात सोनेरी दिसतो. तूर फुलावर यायच्या बेतात. कपाशीचं पहिलं बोंड फुटलं की वऱ्हाडातल्या घरांत सीतादही होतं. दहीभात शेतात नेऊन, पूजा करून मग पहिली वेचणी. देऊळगावराजाच्या बालाजीची यात्रा आश्विनातली. कोजागरीला घाटावर अंगावर चादर घ्यावीशी वाटते. पाऊस थांबलेला, पाणी भरलेलं, ऊन अजून सोसण्यासारखं आणि रस्त्यांवरची धूळ बसलेली. चालणाऱ्याला आणि वल्हवणाऱ्याला वर्षात याहून चांगले दिवस मिळत नाहीत. पुण्या-मुंबईत, नागपुरात गेलेली या जिल्ह्यातली मुलं दिवाळीला घरी येतात तीही याच दिवसांत. त्यांना दाखवायला गावापासून गावापर्यंत जाणारी एक वाट असेल, तर दिवाळीचे पाच दिवस मोबाइलवर जाणार नाहीत.

कालवा येईपर्यंत सुरुवात पालखीच्या वाटेने करता येईल. सिंदखेडराजा ते शेगाव या रस्त्याला एका बाजूने सलग पायवाट, दर काही किलोमीटरवर नळ आणि झाडाखाली पार. बाकीच्या दिवसांत गावातली मुलं त्याच वाटेने शाळेत जातील. पैनगंगेच्या उगमापासून मेहकरपर्यंत नदीच्या काठाने जाणाऱ्या गाडीवाटा अजून आहेत. त्यांचा नुसता नकाशा छापला आणि वाटेतल्या गावांत रात्री टेकायला चार घरं ठरवली, तरी चार-पाच दिवसांची एक पायवारी उभी राहील. एवढ्याला सिमेंट लागत नाही.

सिंचन खात्याच्या कालव्यावर ठरावीक अंतराने दगड असतात, त्यांवर साखळी क्रमांक कोरलेला असतो. तो अभियंत्याला कळतो, बाकी कुणाला नाही. वैनगंगा-नळगंगा कालव्यावर असे दगड बसतील तेव्हा त्या आकड्याखाली देवनागरीत पुढच्या गावाचं नाव आणि अंतर लिहिलं जावं, ही मागणी ग्रामसभांनी आताच ठराव करून जलसंपदा विभागाकडे पाठवावी. ठरावात वाटेची रुंदी लिहावी, झाडांच्या जाती लिहाव्यात, पायऱ्या किती अंतरावर हव्यात ते लिहावं. मोताळ्याच्या बाजूने पहिला ठराव गेला तर शोभेल, कारण कालव्याचं शेवटचं गाव तिथे आहे. उलट्या दिशेने चालायला निघणाऱ्याचं पहिलं गावही तेच.